शहराला चुना लावणारी बाई

संक्रांत होऊन गेली होती. भावाकडं कन्नडला गेले होते आणि परतीच्या एसटीत खिडकीची जागा धरून नुकतीच बसले होते, तेवढ्यात माझ्या मैत्रिणीच्या यजमानांचा, प्रकाशरावांचा फोन आला. "वसुधाताई, मित्रा गेली. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली आणि..." शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. वेरूळ कधी आलं आणि कधी मागं पडलं, कळलं नाही. डोळ्यांना पदर लावून बसले होते खरी, पण तुम्हाला खोटं वाटेल, मला त्या एसटीत हसूही फुटलं. कारण मित्राचं पहिलं आठवलं ते तिचं आमच्या कार्यालयात येऊन सगळ्यांदेखत केलेलं जाहीर विधान : "वसू, मला तुझ्या महापालिकेला चुना लावायचाय!"

प्रा. डॉ. संघमित्रा खरात हे तिचं विद्यापीठातलं नाव. माझ्यासाठी ती वसतिगृहात एका खोलीत राहिलो तेव्हापासून मित्रा. मी कन्नडच्या कुलकर्ण्यांची, आजोबा-पणजोबा कारकुनीत गेलेले. ती पाचोडची, बाबासाहेबांच्या मागं धम्मात आलेल्या घरातली, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मी स्थापत्य शिकले आणि महापालिकेत लागले. ती भौतिकशास्त्र शिकली आणि विद्यापीठातच शिकवायला राहिली. पाचोडचं त्यांचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात तिची आई पत्र्यावर गोणपाट टाकायची आणि घटकाघटकाला त्यावर पाणी मारायची. "बाजाराच्या दिवशी आई घरी नसली की गोणपाट वाळायचं आणि आम्ही भावंडं भाकरीसारखी भाजायचो," मित्रा सांगायची. उष्णता हा तिचा विषय का, असं कुणी मुलाखतीत विचारलं की ती भारदस्त काहीतरी सांगे. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं.

गारखेड्याच्या पुढं गुंठेवारीतली एक पत्र्यांची वस्ती आहे. तिथल्या अंगणवाडीच्या दुरुस्तीसाठी मी एकदा मित्राला सोबत घेऊन गेले. एप्रिलची दुपार होती. दोन्ही खोल्या रिकाम्या आणि सगळी मुलं बाहेर लिंबाखाली. मदतनीस नसीमआपा म्हणाल्या, "मॅडम, अंदर तो तंदूर है. परसों एक बच्ची चक्कर खाके गिरी. अब बारा बजे के बाद किसी को अंदर नहीं लेती मैं." वस्तीत फिरलो तर म्हातारी माणसं उंबऱ्यावर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली. मित्रा एका आजींजवळ बराच वेळ बसली. उठली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. जाताना गाडीत एकच वाक्य बोलली, "वसू, पाचोड काही मागं राहिलं नाय गं. ते शहरात येऊन बसलंय."

पत्रा पांढरा केला तर ऊन परतवतो, हे तिच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत होतं. प्रश्न होता तो पांढरा करायचा कुणी. वस्ती गुंठेवारीतली, नियमित न झालेली. तिथल्या खासगी छपरावर महापालिकेनं खर्च कोणत्या नियमानं करायचा? आणि विद्यापीठात तर तिच्या प्रस्तावावर एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता चुना लावायला पाठवणार का मॅडम?" ती शांतपणे म्हणाली, "व्हय सर. आणि त्याचे गुणही देणार." तिथून ती तडक माझ्याकडं आली आणि ते सुप्रसिद्ध वाक्य बोलली. आमचा अख्खा विभाग हसून लोटपोट झाला. पण हसता हसताच सौदा ठरला : तुमचा चुना आणि शिड्या, आमची पोरं आणि तापमापकं. चाचणी करायची ती महापालिकेच्याच अंगणवाडीवर, म्हणजे नियमाची भानगड नाही.

पहिला हात मारला आणि दुसऱ्याच दिवशी अवकाळी आला. पत्र्यावरून दूध वाहावं तसा सगळा चुना ओघळून नालीत गेला. वस्तीतले लोक दारात उभे राहून बघत होते. "मॅडम, आपका तो पूरा विज्ञान बह गया," नसीमआपा म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मित्राच. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. वरिष्ठांना काय तोंड दाखवू हा माझा घोर. "अगं, वाहून गेला म्हणजे कळलं ना, काय टिकत नाय ते," ती म्हणाली. मग महिनाभर तिच्या विभागाच्या गच्चीवर पत्र्याचे तुकडे मांडलेले असत. कशात पांढरं सिमेंट जास्त, कशात रंगवाल्यांकडचा चिकट द्रव. मुलं त्यावर झारीनं पाणी ओतत, ब्रशानं घासत, उन्हात तापवत. एका मिश्रणानं शेवटी दम धरला. नखानं खरवडून पाहिलं, निघेना. त्या संध्याकाळी तिनं फोनवर नुसती आरोळी ठोकली. शब्द एकही नाही, नुसती आरोळी!

या वेळी तिनं एक चलाखी केली. अंगणवाडीच्या दोनपैकी एकाच खोलीचा पत्रा रंगवला. आणि मी आमच्या साहेबांना, म्हणजे तेव्हाच्या अतिरिक्त आयुक्तांना, भर दुपारी पाहणीला घेऊन आले. मित्रानं त्यांना आधी न रंगवलेल्या खोलीत बसवलं. पंखा दोन्हीकडं नव्हता. चहा मागवला. मग सावकाश, पार उष्णतेच्या व्याख्येपासून तिनं समजवायला सुरुवात केली. साहेबांनी आधी रुमाल काढला, मग कॉलरचं बटण सोडलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, थोडक्यात सांगता का?"

"सांगते ना साहेब. शेजारच्या खोलीत सांगते."

शेजारच्या खोलीत ते बसले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग वर बघून विचारलं, "इथं काय केलंय?"

"चुना लावलाय साहेब."

आधी ते चमकले आणि मग असे खदखदून हसले की बाहेरची मुलं दारात गोळा झाली. पण अधिकारी तो अधिकारीच. हसू ओसरल्यावर म्हणाले, "अंगणवाडीचं ठीक आहे. पण वस्ती नियमित नाही, तिथं माझे हात बांधलेत." मला वाटलं, मित्रा आता चिडणार. ती हळूच म्हणाली, "छप्पर नियमित व्हायचं तेव्हा होऊ द्या साहेब. छपराखालचा माणूस आज तापतोय, अन् तो तर तुमच्या शहराचाच हाय ना?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "कुलकर्णी मॅडम, रस्ता काढा." इतकी वर्षं सरकारी नियमांत घालवली होती, ती त्या दिवशी कामी आली. बांधकामाच्या वाटेनं जाताच येणार नव्हतं. पण उष्माघात टाळणं हे आरोग्याचं काम, आणि आरोग्याला वस्ती नियमित की अनियमित असा भेद करता येत नाही. ती वाट निघाली. साहेबांची सही झाली. विद्यापीठातही मग वारं फिरलं. महापालिका स्वतःहून हात पुढं करते म्हटल्यावर कुलगुरूंनी करारावर सही केली आणि छपरांचं काम अभ्यासक्रमात आलं. त्याच ज्येष्ठ सदस्यांनी ठराव मांडला, हे सांगायला मित्रा कधी विसरत नसे.

त्यानंतरचे उन्हाळे म्हणजे जत्राच. भौतिकशास्त्राची मुलं मोजमाप करायची, समाजकार्याची घरोघर बोलायची, आमचे कर्मचारी पिंपं आणि शिड्या पोचवायचे. वस्तीतल्या बायका आधी बघ्या होत्या, मग ब्रश त्यांनीच हातात घेतले. मित्रा स्वतः वर चढायची, पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून. चेहरा चुन्यानं भुतासारखा. एका वस्तीच्या दोन झाल्या, दोनाच्या कितीतरी. नसीमआपांची अंगणवाडी भर दुपारी भरू लागली. आतून पाढ्यांचा कलकलाट ऐकू यायचा आणि मित्रा रस्त्यावर उभी राहून तो गाणं ऐकावं तसा ऐकायची. करार झाला त्या वर्षी आपांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. मित्रासाठी मटणाचा नान-खलिया, माझ्यासाठी खास शाकाहारी खिचडी-खट्टा. जेवता जेवता आपा पत्र्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "अब घर में दोपहर को नींद आती है." मित्रानं घास हातातच धरला आणि कितीतरी वेळ ती वरच बघत राहिली. तिला पुढं पुरस्कार मिळाले, बाहेरच्या शहरांचे लोक काम बघायला आले. पण तिचा सत्कार विचाराल तर तो त्या ताटावर झाला.

निवृत्तीनंतरही ती थांबली नाही. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी शिडी चढायला बंदी केली, मग खाली खुर्ची टाकून ओरडायची, "कोपरा राहिला! तो काय पाव्हण्यांसाठी ठेवलाय का?"

ती गेल्यावर मला धास्ती होती ती याच उन्हाळ्याची. मीही निवृत्त, साहेब कधीच बदलून गेलेले. फाल्गुन लागला तशी मी वस्तीत गेले, म्हटलं बघू तरी कुठवर आलंय. तर सगळी छपरं आधीच पांढरी! यंदा कुणाची वाट बघायला कुणी थांबलंच नव्हतं. विद्यापीठातून नवे प्राध्यापक आले होते, पालिकेचा ट्रकही. पण वस्तीत बायका मात्र दिसेनात. "आपा कुठायत?" मी विचारलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "समद्या बाया गारखेड्याला गेल्या, तुमच्या बाईच्या घरी."

मी रिक्षा करून गेले. मित्राचं घर स्लॅबचं, आणि गच्चीवर काळं डांबर. साऱ्या शहराची छपरं पांढरी केली, स्वतःच्या घराला काही तिला कधी सवड झाली नाही. फाटकाशी चुन्याच्या बादल्या होत्या. प्रकाशराव अंगणात उभे होते, मान वर करून. डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. "मी नको म्हणालो हो वसुधाताई, पण ऐकतंय कोण!"

वरून नसीमआपांनी कठड्यावरून डोकावलं. कपाळ, गाल, सगळं पांढरं. "आओ मॅडम ऊपर!" त्या ओरडल्या. "एक कोना बाकी है."

मी पदर खोचला आणि वर गेले.