जागेवरून हलायचं नाही

आमच्या घरी मॅच जिंकायची जबाबदारी अकरा खेळाडूंवर नसते, माझ्यावर असते. विकेट पडली तेव्हा जो जिथे बसलेला असेल, त्यानं तिथेच बसून राहायचं, हा माझा नियम. पन्नाशी उलटली, केस गेले, नियम तसाच. बायको त्याला येडेपणा म्हणते आणि मॅचच्या दिवशी घराबाहेर पडते.

त्या रविवारी दुपारी ती समोरच्या बिल्डिंगमध्ये डोहाळजेवणाला गेलेली. घरी मी आणि सासरे. ते खडवलीचे, प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाळकुमला आमच्याकडे आलेले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आधीच अवघडलेले, पाणीसुद्धा "जावईबापू, घेऊ का?" असं विचारून घेणार. क्रिकेटमध्ये त्यांना रस नाही. पण जावई बघतोय, आपणही बघावं, म्हणून काळा चष्मा लावून गोधडी घातलेल्या खुर्चीत येऊन बसले.

ते बसले आणि विकेट पडली. पाठोपाठ दुसरी.

"बाबा, आता हलायचं नाही हां! तुमची खुर्ची लकी आहे."

"बरं," म्हणाले आणि हसले.

समोरची टीम पार गळपटली. मॅच खिशात होती. पण शेवटच्या तीन ओव्हर उरल्या आणि आपले शेवटचे बॉलर आले. बाकीच्यांनी घाम गाळून बांधलेली भिंत लाथ मारून पाडायची, एवढंच यांचं काम. पहिलाच बॉल फुलटॉस, सिक्स. मग वाईड. मग परत फुलटॉस.

"अरे, लग्नातले लाडू वाटतोयस का?" मी टीव्हीशी भांडत होतो, तेवढ्यात बाजूला काहीतरी हललं. बाबांनी करंगळी वर केली होती. वर्गात पोरं करतात तशी. अर्धं गाव ज्यांच्यापुढे करंगळी वर करून उभं राहिलं, ते मास्तर माझी परवानगी मागत होते.

आणि मी काय म्हणालो? "दोनच ओव्हर, बाबा. थांबा ना."

ते थांबले. जावयाचा शब्द ना! त्यांनी पायावर पाय टाकला, काढला, परत टाकला. मला दिसत नव्हतं असं नाही.

शेवटच्या बॉलवर चौकार गेला. मी रिमोट सोफ्यावर आपटला. "एवढंसं काम होतं रे तुमचं!" मग त्यांच्याकडे वळलो. "जा बाबा आता. संपलं सगळं."

"बसतो जरा."

मान खाली. मग मला गोधडीची कड दिसली आणि खालची फरशी.

हात द्यायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही नका. जावयानं असलं करायचं नसतं." थोड्या वेळानं बाथरूमच्या दाराआडून आवाज आला, "पोरीला सांगू नका. आणि मी उद्या खडवलीला जातो."

"तिथे डोळ्यात औषध कोण घालणार?" सासूबाई गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरं कोणी नाही. आतून नळाचा आवाज सुरू झाला.

मी फरशी पुसली. गोधडी धुवायला घेतली, तर बायको हजर.

"अहो, हे काय?"

"चहा सांडला. माझ्या हातून."

"ओरडताना सांडला असेल! मॅच लागली की तुम्हाला समोरची माणसं दिसत नाहीत."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. आज मान डोलावली.

"अगं, त्यांना बोलू नकोस," म्हणत बाबा बाहेर आले. ते पुढे काहीतरी सांगणार असं वाटताच मी मोठ्यांदा म्हणालो, "हरलो ना, बाबा! हातातली मॅच घालवली हो!"

ती साडी बदलायला आत गेली. मी गॅलरीत गोधडीशी झटत होतो. ओली गोधडी एकट्याला पिळवत नाही. बाबांनी येऊन दुसरं टोक धरलं.

"बाबा, डॉक्टरांनी जोर लावू नका सांगितलंय."

"नुसतं धरतो. पिळा तुम्ही."

मी पीळ घालत गेलो. पाणी गळत राहिलं. दोघंही गोधडीकडेच बघत होतो.

"डॉक्टरांकडे परत कधी बोलावलंय?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी."

"मग शनिवारी जाईन म्हणतो."

मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. गोधडीतून थेंबही निघत नव्हता, तरी पिळत राहिलो. मान वर करायची हिंमत होत नव्हती.