मॅग्नेटोवर धरलेलं इरलं

मी ढोरांचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची काही वर्षं माझी नेमणूक बेळगावात होती आणि खानापूर तालुक्यातली जंगलातली गावं माझ्याकडे होती. सायकलवरून तिथं पोचेपर्यंत आजारी जनावर मरून जायचं. म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका लष्करी साहेबाची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल मी घेतली.

घेण्यापूर्वी ती शहापूरच्या एका मिस्त्रीला दाखवली. मूळचा कोष्टी, घरात माग होता, पण लष्कराच्या वर्कशॉपात दहा वर्षं काढलेली. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्यानं इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत उभा राहिला.

"मागावर धोटा कसा पळतोय, ते न बघताच कळतंय बघा. तसंच हे," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय. पळती लई. पर ही काय बैलगाडी न्हाय, डॉक्टर. हिला दर आठवड्याला हात लावावा लागंल."

त्यानं मलाच ते शिकवलं. नट आवळायचे, साखळीला तेल द्यायचं, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट साफ करायचे आणि त्यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीइतकीच फट ठेवायची. इंजिनाखाली तेलाचे थेंब पडायचे, ते मात्र कधीच थांबले नाहीत. "सांडतंय म्हंजे आत हाय," अण्णा म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी श्रावणात जांबोटीकडे ढोरांत बुळकांडीची साथ सुरू झाली. दोन दिवसांत अकरा जनावरं गेल्याचा निरोप आला. लशीच्या बाटल्या बर्फात घालून, पाठीला बांधून निघालो. चढाच्या रस्त्याला लागल्यावर पाऊस असा कोसळला, की पुढचं चाक दिसेना. जांबोटी तीन-चार मैलांवर आली आणि इंजिन एकदम बंद पडलं. किक मारून पाय दुखायला लागला. पाठीवर बर्फ वितळत होता.

मॅग्नेटोत पाणी शिरलं असणार, हे कळत होतं. पण त्या पावसात झाकण उघडायचं कसं? शेजारच्या शेतात एक बाई पाठीवर पानांचं इरलं घेऊन भाताची भांगलण करत होती. ती येऊन बघत उभी राहिली.

"ढोरांचे डॉक्टर तुम्हीच व्हय?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं पाठीवरचं इरलं काढून गाडीवर धरलं आणि स्वतः भिजत राहिली. मी झाकण उघडलं, कोटाच्या आतल्या अस्तरानं पॉइंट पुसले, फट जमवली. तिसऱ्या किकला इंजिन बोललं. ती म्हणाली, "जावा आता. माझ्या भावाचीबी दोन बैलं हाईत तिथं."

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सत्तरेक जनावरांना लस टोचली. पुढच्या आठवड्यात आणखी चार गेली, बाकीची वाचली. तिच्या भावाचे बैलही वाचले.

बेळगावला परतल्यावर अण्णाला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो गाडीला नावं ठेवील. त्यानं झाकण काढलं आणि कडेवरून बोट फिरवलं.

"चूक गाडीची न्हाय," तो म्हणाला. "मागच्या खेपंला गाडी हितं आणली, तवा झाकण मीच बसवलतं. कडंला ग्रीस लावायचं ऱ्हायलं. माझं चुकलं."

त्यानं हे कबूल केलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं. त्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून मॅग्नेटोला टोपडं शिवलं. त्याची बायको लुगड्याची किनार शिवते तसल्या बारीक टाक्यांनी.

नंतर सहा पावसाळे मी ती गाडी जंगलातून चालवली. एकदा साखळी तुटली, दोनदा स्प्रिंग गेली. पावसानं मात्र ती पुन्हा अडली नाही. बदली होऊन निघालो तेव्हा ती अण्णालाच देऊन आलो.