उधाणाच्या रविवारचे भाग

मी मस्कतला निघालो तो रविवार होता, दुपारी बाराची वेळ, आणि आळीतली माणसं मला निरोप द्यायला आली ती टीव्हीवर जाहिराती लागल्यावर. सहारच्या विमानतळावर न्यायला जीप दारात उभी होती. काकीने कपाळाला कुंकू लावलं, कुणी हातात नारळ ठेवला, आणि शेजारच्या घरातून मालिकेचं संगीत पुन्हा ऐकू येताच निम्मी आळी आत पळाली. 'नीलवज्र' सुरू होतं. मला राग आला, आणि त्यांच्यामागोमाग आत जावंसंही वाटलं. आयटीआय झालेला, मिशी फुटलेला घोडा होतो मी तेव्हा.

बाबा मात्र होडीकडे बघत होते. भरती चढत होती. एकदा दोरात अडकून त्यांचा उजवा खांदा निखळला होता, तेव्हापासून उधाणाच्या पाण्यात त्यांना एकट्याने जाळं ओढता येत नसे. माझ्या जागी होडीवर कोण, हे त्या दिवशी कुणी मोठ्याने विचारलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "तिकडं दर्या हाय ना? मंग तुला करमंल." जीप सुटताना धाकटी बहीण मंदा खिडकीशी आली. "दादा, बाबांची कालजी करू नको. आमी गडी ठेवतो."

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. जे खाडीकाठचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते, ती भर दुपारी. ते उधाण. मधल्या आठवड्यात भांग, म्हणजे पाणी सुस्त आणि होडी काठावर. त्यामुळे माझा एक रविवार बाबांसोबत पाण्यात जायचा, तर पुढचा शेजारच्या टीव्हीसमोर. आणि या मालिकेची प्रत्येक गोष्ट दोन भागांची. पहिल्यात नीलवज्र सापळ्यात सापडायचा, दुसऱ्यात सुटायचा. महिनोन्‌महिने माझ्या वाट्याला नुसते सापळे आले.

म्हणून त्या नायकाबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. दिवसा हा वेधशाळेत कारकून. वादळाची बातमी सगळ्यांत आधी याच्या टेबलावर, पण एका होडीला कधी सावध केलं नाही. डोळ्यांवर चार बोटं रुंद पट्टी बांधली की अख्खं शहर याला ओळखेनासं व्हायचं. आमच्याकडे बांधावरून येणारा माणूस लांबूनच नुसत्या चालीवरून ओळखतात. खलनायक प्राध्यापक अंधक तर त्याच्याहून गाढव. नायकाला बांधायचा, त्याला आपला सगळा बेत समजावून सांगायचा आणि खोलीतून निघून जायचा. अरे, थांब ना तिथेच. त्या मालिकेत खरं काम करणारी एकटी कालिंदी, अंधकाची मदतनीस. सगळी चाकं तीच फिरवायची आणि शेवटी बोलणीही तीच खायची. तिच्या नावाने कुणी टाळी वाजवली नाही.

उधाणाच्या रविवारी मी चिखलाने माखून, धुसफुसत घरी यायचो. होडीत बाबांचे टोमणे ऐकून झालेले असायचे, "तुजा तो उडनारा बाबा जालं वढाला येनार हाय का?" संध्याकाळी मंदा भात वाढता वाढता चुकलेला भाग सांगायची. पाणी भरत चाललेल्या भुयारात नीलवज्र धडपडला नाही, ओहोटी लागेपर्यंत श्वास सांभाळून राहिला. हाताचा दोर त्याने कालवाच्या शिंपलीने कापला. अंधकाची माणसं शोधत आली तेव्हा तो तिवरांच्या मुळांत नाकापर्यंत चिखलात बसून राहिला. मला कधी संशय आला नाही. आमच्या घरच्या निम्म्या अडचणी ओहोटीनेच सुटायच्या, त्याच्या का सुटू नयेत? आणि पुढच्या उधाणाला मी मुकाट होडीत बसायचो.

इथे मस्कतला सुट्टी शुक्रवारी. रविवार म्हणजे वर्कशॉप, क्रेनचं ग्रीस आणि मुदीरची, म्हणजे मॅनेजरची, आरडाओरड. गेल्या वर्षी कुणीतरी ती जुनी मालिका इंटरनेटवर टाकली. एका शुक्रवारी खोलीचा एसी लावून मी चुकलेले सगळे भाग बघायला बसलो. भुयारात पाणी भरतंय, हा कमरेचा पट्टा दाबतो, वीज चमकते, भुयार गायब. दोराने बांधलाय, पट्टा दाबतो, वीज, दोर गायब. कुठे शिंपली नाही, तिवर नाही, ओहोटी तर नाहीच. मला इतका संताप आला की तिथूनच मंदाला फोन लावून भांडलो, तेव्हा खोटं का सांगितलंस म्हणून. पन्नाशीला टेकलेला माणूस मी.

ती आधी खूप हसली. मग म्हणाली की उधाणाच्या रविवारी ती टीव्हीसमोर कधी बसलीच नव्हती. आईसोबत काठावर उभी असायची, होडी दिसेपर्यंत. "तू रुसला असतास तर बाबा एकलेच गेले असते, दादा. रातचा तुला काय सांगायचा ते मी तिथं उभी राहून जुलवायची."

मग मला तो गडी आठवला. गडी कामाला बरा आहे, गड्याला ताप आला होता, गड्याच्या जाळ्यात मोठा जिताडा मासा आला, असं ती प्रत्येक पत्रात कळवायची. मी दर वेळी वाचून निर्धास्त झोपायचो. सुट्टीवर गेलो की होडीवर मीच असायचो, आणि गडी म्हणे तेवढ्यापुरता आपल्या गावी गेलेला. त्याचं नाव काय, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"मीच की," ती म्हणाली. "आजून कोन येनार व्हता?"

लग्न तिने गावातच केलं आणि खाडी बुजेपर्यंत होडी चालवली. आता तिथे विमानतळ झालाय, बाबा थकलेत आणि मंदाकडेच असतात. पुढच्या सुट्टीत मी बहुधा आमच्याच पाण्यावर उतरेन. शुक्रवारी दुपारी इथे उरण-अलिबागची मंडळी जमली की घराच्या गोष्टी निघतात, प्रत्येकाला आपलं घर पाठ असतं. मी हल्ली त्यात बोलत नाही. मी घर पाहिलं ते भांगाच्या रविवारचं. उरलेलं मंदाने मला झेपेल तसं करून सांगितलं, आणि मी तेच घर समजून सोबत घेऊन आलो.

आता दर शुक्रवारी तिला एकेक विचारतो. परवा विचारलं, ती आणि बाबा असताना होडी कधी उलटली होती का.

"नाय," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

मी चिडलो. म्हटलं, मंदे, या वेळी जसं घडलं तसं सांग.

पलीकडे खुर्ची ओढून ती बसल्याचा आवाज आला.