दोन्ही पाकळ्या

दुपारचे तीन वाजलेत. वॉर्डातल्या खुर्चीत हर्षदाची मान पेंगून कलते आणि दचकून वर येते. समोर पलंगावर सहा वर्षांची तिची रेणू उलट्या करकरून निजलीय. पोरीच्या मेंदूत मागच्या बाजूला गाठ आहे. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्यात. सगळी गाठ काढली, तर बोलणं-गिळणं काही महिने, कदाचित कायमचंही जाईल. चिकटलेला भाग तसाच ठेवून नंतर किरणं दिली, तर गाठ पुन्हा वाढायची भीती जास्त. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! नवरा म्हणतो, तू म्हणशील ते. मोठा शहाणा.

तीन दिवस हर्षदा डॉक्टरांना "उद्या सांगते" म्हणतेय. गावी तिचा भाऊ देवीला कौल लावून बसलाय ना. मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर सगळी काढायची, डावी पडली तर नाही. अजून एकही पडलेली नाही. गाठ काही देवीसाठी थांबत नाही.

डोळे मिटतात. पायाखालची फरशी गार होते, आणि ती गाभाऱ्यात उभी आहे. समईशेजारी सलाईनचा स्टँड आहे. जन्मभर देवीचे गुरव असलेले, सात वर्षांपूर्वी वारलेले तिचे बाबा तांब्यात बोटं बुडवून बसलेत.

"बाबा, पाकळी कित्याक पडना नाय?"

"सुकल्याबिगर पडतली कशी? तुझो भाव भियाता. सुकाक लागली की परत पाणी लायता. माझीच शिकवण ती."

गाभाऱ्याची पायरी उतरावी तर खाली दवाखान्याचा बाक आहे. त्यावर आई पोट धरून बसलीय, शेवटच्या दुखण्यातली.

"तुझ्या आवशीच्या टायमाक मीच तसा केलंय," बाबा म्हणतात. "डॉक्टर म्हणा होतो, पोट कापूक व्हया. होय म्हटलंय नि ती मेली तर? म्हणान दोनय पाकळ्यो भिजवत रवलंय. चार दिवस."

हर्षदाच्या अंगाची लाही होते. घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं देवीला बोल लावला!

"नि आमका सांगितल्यात, देवी कौल देना नाय!"

"होय." ते मान वर करत नाहीत.

"मगे आता तरी सांगा. सगळी काढू?"

"माका इचारू नको, बाये. मी भित्रो माणूस. तू जा." आणि ते तिच्या पाठीवर हात टेकून तिला जोरात ढकलतात.

ती खुर्चीतून उठूनच जागी होते. रेणू अजून निजलेलीच आहे. हर्षदा तडक नर्सच्या टेबलाशी जाते.

"डॉक्टरांना सांगा, सगळी गाठ काढा. कागद द्या, आत्ता सही करते."

तिला भयंकर भीती वाटतेय. पण ती शब्द फिरवत नाही. बोलणं गेलंच, तर पोरीला पहिल्या अक्षरापासून पुन्हा शिकवील.

कागद आणायला उठलेली नर्स तिच्या मागे थबकते. "ताई, पाठ कशानं भिजली तुमची?"

हर्षदा हात मागे नेते. कुडता गार, ओला आहे, आणि ओलीची पाच बोटं चाचपून मोजता येतात. तो ओला पंजा झाकायला ती ओढणी मागे घेत नाही, सहीला पेन मागते.