सहा वाजताचे नुसते ठिपके

जानकी, राघव,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर जानकीने विचारलं, "आजी, तुझ्या कोलमच्या प्रोग्रॅममध्ये एका तारखेपुढे 'ही तारीख पुन्हा तपासू नये' असं का लिहिलंय?" मी म्हटलं, नंतर सांगेन. तुम्ही दोघं कॅल्गरीत, मी कुंभकोणमला, आणि मला आता पंच्याहत्तरावं चालू आहे. म्हणून आजच लिहायला बसले. तुमची आई हे मासिक घेते आणि या सदरातले अनुभव तुम्हाला वाचून दाखवते, तेव्हा हाही तिने वाचावा.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं. पाल चुकचुकली की आमची आई थांबायची, आणि मी मुद्दाम उंबरा ओलांडून बाहेर जायची.

निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून इंटरनेटवरच्या फुकट धड्यांवरून मी वेबपेजं करायला शिकले. पोटासाठी नाही, नुसती गंमत म्हणून. पहिल्या पेजवर एक बटण होतं, दाबलं की रंग बदलायचा. मग एक लंबक केला... दोरीची लांबी बोटाने ओढून बदलायची आणि झोक्याला किती वेळ लागतो ते बघायचं. तुम्हाला पाठवलेलं उड्या मारणारं लिंबू त्याच काळातलं. प्रत्येक प्रयोगाची एक वही होती. त्यात वेळ, काय केलं, काय चुकलं, सगळं.

यमुनाअक्का माझी थोरली बहीण. नाचियार्कोविलला मुलगा-सुनेकडे राहायची, माझ्या घरापासून बसने चाळीस मिनिटं. ती साठ वर्षं रोज पहाटे दारात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, घालत आली. तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडायचे आणि त्यांच्याभोवती एकच रेघ फिरवत जिथून निघालो तिथेच आणून मिळवायची. वही नाही, कागद नाही, सगळं हातात. मग तिचा हात कापायला लागला. पीठ भलतीकडे सांडू लागलं. एके दिवशी सून गौरी आमच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "अम्मा, राहूं द्या, मी घालतें," आणि अक्काने वाटी खाली ठेवली ती कायमची.

त्याच आठवड्यात मी कोलमचं पेज करायला घेतलं. काचेवर ठिपके, आणि बोट नेईल तिकडे रेघ. बोट थरथरलं तरी रेघ गुळगुळीत यावी अशी सोय केली. टॅब्लेट घेऊन गेले. अक्काने सात ठिपक्यांचा कोलम घातला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

"ही रेघ कोणी ओढली?"

"तूच ओढलीस, अक्का. मी फक्त थरथर काढून टाकली."

"थरथर काढलीस, तर मी कोठें राहिलें त्यांत?"

गौरी हसली. मी नाही हसले. घरी येऊन ती सोय बंद करता येईल असं एक बटण केलं.

त्यानंतर दर गुरुवारी मी जात असे. ती मला एक कोलम द्यायची, एका गुरुवारी एकच. "दोन दे," मी म्हणायची. "दोन दिले तर पुढच्या गुरुवारीं तूं कशास येशील, सरू?" बहिणीला कोलमची लालूच दाखवून बोलवावं लागतं, असं वर मलाच ऐकवायची. तिच्याकडे शंभराच्या वर असतील. मी मनात हिशेब केला होता, दोन-अडीच वर्षांत सगळे उतरवून होतील. तिच्याबरोबर ते जाऊ नयेत, एवढंच मला हवं होतं.

मग मी त्यात आणखी एक गोष्ट घातली. रोज सकाळी सहा वाजता पेज आपोआप एक कोलम काढेल. तारखेच्या सलग आकड्याला साठवलेल्या कोलमांच्या संख्येने भागायचं, उरेल त्या क्रमांकाचा कोलम. माझ्या लॅपटॉपवर आणि तिच्याकडे ठेवलेल्या टॅब्लेटवर, दोन्हीकडे तोच. अक्काला ते आवडलं, पण तिने लगेच विचारलं, "रोज घालतें हें? श्राद्धाचे दिवशीं सुद्धां?"

हे तुम्हाला माहीत नसेल. आमच्याकडे घरात श्राद्ध असलं, किंवा कोणी गेलं, तर दारात कोलम घालत नाहीत. दार रिकामं दिसलं की गल्लीला कळतं, कोणाला विचारावं लागत नाही.

मी म्हटलं, "अक्का, यंत्राला सुतक नसतं."

"बरें हो, प्रोफेसरीणबाई," ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्गळी महिन्यातली, म्हणजे इकडे दारोदार मोठे कोलम घालतात त्या धनुर्मासातली गोष्ट. बुधवार होता. तोवर एकतीस कोलम झाले होते, दुसऱ्या दिवशी बत्तिसावा मिळायचा होता. मी महामहम तळ्याच्या उत्तरेला, दुसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीजवळ टेबल, त्यावर लॅपटॉप. सहाला दोन मिनिटं असताना कॉफी घेऊन बसले. सहा वाजले. ठिपके उमटले, सात ओळी, ओळीत सात. रेघ नाही.

पुन्हा उघडलं. ठिपके. एरर कुठेच नव्हता. वहीत वेळ टाकली आणि रीतसर कामाला लागले. कालची तारीख दिली — कोलम आला. उद्याची दिली — आला. तोच कोलम एकतीस दिवसांनी पुन्हा यायला हवा, म्हणून ती तारीख दिली. तोही नीट आला. म्हणजे कोलम शाबूत, हिशेब शाबूत. आजची तारीख दिली की नुसते ठिपके. सहा चाळीसला मोबाइलने पडद्याचा फोटो काढला, मग फोन आवाज बंद करून आतल्या खोलीत ठेवून दिला. काम करताना फोन जवळ ठेवायचा नाही हा माझा नियम, तुम्हाला ठाऊकच आहे.

नऊच्या सुमारास शेजारच्या कामाक्षी मामी दारात आल्या. आत येईनात. इकडे आम्ही एकमेकींना मामीच म्हणतो; तमिळमध्ये हळूच म्हणाल्या, "मामी... घरात काही झालं का?"

"नाही. का?"

"दारात कोलम नाही. मार्गळी महिन्यात, आणि तुमच्या दारात!"

त्या गडबडीत मी स्वतःच्या दारात कोलम घालायचीच विसरले होते. मला हसू आलं. "काही नाही हो, कंप्युटर बिघडलाय." मामींना ते पटेना. "कंप्युटरला काय होतंय? बहिणीला एक फोन तरी करा," असं म्हणून गेल्या. मी म्हटलं, हे एवढं संपवते आणि करते.

सगळा कोड पहिल्या ओळीपासून वाचून काढला. शेवटची नोंद साडेदहाची आहे: 'दोष सापडला नाही.' मग फोन आणायला आत गेले. गौरीचे अकरा मिस्ड कॉल होते. पहिला सहा पन्नासचा.

अक्काला पहाटेपासून श्वास लागला होता. डॉक्टर येऊन गेले, दवाखान्यात न्यायला तिने साफ नकार दिला. सव्वादहाला ती गेली. मी पोचले तेव्हा गौरी दारातच बसली होती.

"मावशी, होता कोठें तुम्ही? त्यानंतर दुसरें कांही बोलल्याच नाहींत. 'सरू आली काय, सरू आली काय,' एवढेंच."

मी खिडकीजवळ बसून चूक शोधत होते!

टॅब्लेटवर कोणी काही दाबलं होतं का, हे मी आधी विचारून घेतलं. तीन दिवस चार्जिंग संपून तो कपाटात पडला होता. तेराव्यानंतर लॅपटॉप उघडला तर त्या दिवशीचा कोलम नेहमीसारखा उमटलेला. मन घट्ट करून त्या बुधवारची तारीख दिली. सात ठिपक्यांचा कोलम पूर्ण आला, सुटं टोक कुठे नाही. चेन्नईत कंप्युटर इंजिनियर असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सगळं तपासलं. "मॅम, कोड अगदी व्यवस्थित आहे. ब्राउझरचंच काहीतरी असेल." असेल. मग तिला फोटो पाठवला. तिने दुसराच विषय काढला. त्या संध्याकाळी मी त्या तारखेपुढे 'पुन्हा तपासू नये' ही ओळ लिहिली.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. कोलम थांबतो तो माणूस गेल्यावर. अक्का गेली सव्वादहाला, आणि ठिपके नुसते राहिले सहापासून. सातची बस धरली असती तर पावणेआठला मी तिच्याजवळ असते. कोणी मला चार तास आधी दिले होते की काय, की नुसता योगायोग... काहीही असो, ते चार तास मी दोष शोधण्यात घालवले. तीस वर्षं मुलींना शिकवत आले, की निरीक्षण आधी आणि निष्कर्ष मागून. त्या सकाळी निरीक्षण माझ्यासमोर होतं. आणि ज्या मामींना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत होते, त्यांनी एका रिकाम्या दारावरून बरोबर प्रश्न विचारला.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा. मी वहीत जागा सोडली आहे.

नवीन प्रयोग मी त्यानंतर केले नाहीत. कोलमचं पेज चालू आहे आणि त्याचा पत्ता तुमच्या आईकडे आहे. अक्काला येत होते त्यांतले एकतीस कोलम त्यात आहेत. बाकीचे आता कोणालाच येत नाहीत.