सॉस, स्टरर आणि भोईरदादांचं ट्रेनिंग

सॉसची तिसरी बॅच करपली आणि नोकरीवरून काढण्याची नोटीस मिळाली कढईवरच्या भोईरदादांना. कारखान्यात बाकी सगळ्यांचा सॉस करपायचा, फक्त त्यांच्या शिफ्टचा नाही. गुन्हा असा, की सर्क्युलर मोडून ते स्टरर चालू ठेवत.

"बाकीच्यांचा सॉस निदान नियमाप्रमाणे करपला," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि चौकशी माझ्यावर सोपवली.

नव्वदच्या दशकात मी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत प्रोसेस इंजिनिअर होतो. सॉसची कढई दुहेरी भिंतीची. भिंतींच्या मधून वाफ, आत ढवळणारा स्टरर. हेड ऑफिसने वीज वाचवायला सांगितलं, म्हणून मी कॉम्प्युटरवर मॉडेल केलं, म्हणजे उष्णता कुठून कुठे जाईल याचं गणित मांडलं. उत्तर आलं, स्टरर बंद ठेवा, सॉस तापून आपोआप फिरेल. रंगीत प्रिंट बघून साहेब खूश झाले. सर्क्युलर त्यातूनच निघालं.

दादा डोळखांबकडचे. त्यांना विचारलं, "सर्क्युलर वाचलं नव्हतं?"

"वाचलं ना. पण साहेब, घरी नाचणीची आंबील ढवळायची थांबली का बुडाला लागते. सॉस काय येगळा हाय? तुमी कधी ढवळलंय का काय घरी?"

नव्हतं. मी गुपचूप मॉडेल पुन्हा उघडलं. सॉसच्या जागी मी पाण्याचे आकडे घातले होते, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळाले. पाणी कसंही ढवळा, तेवढंच पातळ राहतं. सॉस ढवळला की सैल होतो, थांबलं की घट्ट बसतो. मग भिंतीलगतचा थर हलत नाही आणि तिथेच करपतो. अशा द्रवांना नॉन-न्यूटोनियन म्हणतात. कॉलेजात या विषयात मी पहिला आलो होतो. फार लाज वाटली.

"चूक माझी आहे. दादांना काढू नका," मी साहेबांना सांगितलं.

"कॉम्प्युटर चुकला असं वर कसं कळवू?"

"कॉम्प्युटर नाही, मी चुकलो."

"ते तर त्याहून वाईट. तुम्हाला नोकरीवर मी घेतलंय."

शेवटी 'सुधारित मॉडेलनुसार स्टरर चालू ठेवावा' असं नवं सर्क्युलर निघालं. दादांची नोकरी वाचली. पण नोटीस नुसती मागे घ्यायची सोय नियमांत नव्हती. म्हणून 'प्रशिक्षणाने सुधारणा शक्य' असा शेरा पडला आणि त्यांना एक दिवसाचं ट्रेनिंग लागलं. विषय, स्टरर चालू ठेवण्याचे महत्त्व. शिकवणार मी.

दादांनी सगळं शांतपणे ऐकलं. हजेरीपत्रकावर सही करताना म्हणाले, "आता बरं समजलंय तुमाला."

तेव्हापासून मॉडेल करण्याआधी मी ती वस्तू स्वतः ढवळून बघतो.