तिसरा लॉट

आमच्या प्रयोगशाळेत एन्झाइम पास की नापास, हे बाई ठरवायच्या. सव्वीस वर्षं तेच काम. त्यांच्यापुढे साहेबसुद्धा ब्र काढत नसत.

आम्ही माणसाचं कायनेज बनवतो. माणसाचा जीन किड्याच्या पेशींत घालायचा, पेशी वाढवायच्या, फोडायच्या आणि त्या रबड्यातून हे एकच एन्झाइम वेगळं काढायचं. औषधं शोधणारे ते संशोधनासाठी घेतात. ते काढायचं काम बगळ्याचं. उंच, किडकिडीत, दोन स्वेटर चढवून दिवसभर थंड खोलीत उभा, म्हणून बगळा. त्याची नोकरी अजून कच्ची होती. लागोपाठ तीन लॉट नापास झाले की घरी बसायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. बायकोला आठवा महिना.

बाई प्रत्येक लॉट प्लास्टिकच्या ताटलीतल्या तीन बारीक खळग्यांत तपासायच्या. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. ते जुळेनासे झाले, आणि कारण मला ठाऊक होतं. मी बाटल्या धुतो. माझी मोरी त्यांच्या टेबलाला लागूनच आहे. बाईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. थेंबाहून लहान माप ते, हात हलला की संपलं. पण बाईंनी शेरा मारला, ‘एन्झाइम अस्थिर’. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

बगळ्याला काढण्याआधी खात्री म्हणून तिसरा लॉट बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचा, असं साहेबांनी ठरवलं. बगळ्याचा जीव भांड्यात पडला.

"मामा, आता होईल दूध का दूध," तो मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून त्या लॉटची पेटी काढली आणि खिडकीत उन्हात ठेवली.

"बाई, मरेल ना ते," मी म्हणालो.

"तू बाटल्या धू."

जेवण झाल्यावर त्यांनी पेटी परत आत ठेवली. थंडीत वर्षानुवर्षं टिकणारं कायनेज उन्हात दुपारही काढत नाही. संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, तरी मी शेपूट घातलं. मला या नोकरीला बाईंनीच लावलं होतं. मी बाटल्या धुतल्या.

आठवड्याने उत्तर आलं. एन्झाइममध्ये काही दम नाही. साहेबांनी बगळ्याला संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं करायला सांगितलं.

निघताना तो बाईंपाशी आला. डोळे सुजले होते.

"बाई, माफ करा. मी मनातल्या मनात तुमच्यावर संशय घेतला. चूक माझीच होती. नेमकं कुठे चुकलो, तेवढं सांगाल? पुढे उपयोगी पडेल."

बाईंनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"तुझा हातच या कामाचा नाही रे," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीतरी बघ."

"बरं झालं स्पष्ट सांगितलंत."

त्याने ते ऐकलं. आता एका गोदामात खोकी उचलतो. परवा रस्त्यात भेटला, तेव्हा मुलीचा फोटो दाखवला आणि बाईंची तब्येत कशी आहे म्हणून आपुलकीने विचारलं.